जुना बर्गलर अलार्म उगाच वाजतोय? पॅनल बदलण्याआधी या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षं जुनी वायरवाली अलार्म सिस्टीम त्रास द्यायला लागली की बहुतेकांचं निदान ठरलेलं असतं: पॅनल, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात ती मुख्य पेटी, गेलं. दुरुस्तीला येणाराही बरेचदा तेच म्हणतो, कारण बिघाड शोधत बसण्यापेक्षा नवं पॅनल लावणं त्याला सोपं पडतं. खरं तर सर्किट बोर्ड सहसा सगळ्यात शेवटी जातो. त्याच्या कितीतरी आधी बॅटरी मान टाकते, दारावरचा मॅग्नेटिक स्विच ढिला होतो, नाहीतर चिकटपट्टी गुंडाळून छतात लपवलेला एखादा जोड गंजतो. या तिन्ही गोष्टी पॅनलच्या तुलनेत अगदीच स्वस्त आहेत. त्यामुळे साध्या मल्टिमीटरने तपासण्याआधी नवं पॅनल मागवू नका.

कीपॅड न वाचताच आवाज बंद करणे

भोंगा वाजला की आपण घाईघाईने कोड दाबतो, आणि शांतता झाली की विषय संपतो. पण त्याच क्षणी कीपॅडवर कोणता झोन (एका वायरीवरच्या सेन्सरांचा गट, उदा. पुढचं दार) चमकतोय हे टिपून ठेवायला हवं. अनेक पॅनलांत पुढच्या वेळी सिस्टीम आर्म (पहाऱ्यावर चालू) केली की अलार्मची मेमरी पुसली जाते, म्हणजे सकाळी निवांत बघू म्हटलं तर हाती काही लागत नाही. झोन क्रमांक, वेळ आणि तेव्हाचं हवामान एवढं कागदावर लिहिलं तरी दोन-तीन नोंदींत अंदाज येतो. फक्त वाऱ्याच्या रात्री वाजत असेल तर खिडकी-दार बघा, पावसानंतर वाजत असेल तर बाहेरचा जोड बघा, आणि रोज ठराविक वेळी वाजत असेल तर ऊन किंवा आपोआप सुरू होणारं एखादं यंत्र.

चार्जर चालू असताना बॅटरी मोजणे

ही चूक जाणकारही करतात. पॅनलच्या पेटीत साधारणपणे 12 व्होल्टची, 4 किंवा 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. पेटी उघडून मीटर लावला, 13.7 व्होल्ट दिसले, की बॅटरी ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला जातो. पण ते 13.7 चार्जरचे असतात. बॅटरीचा खरा आकडा बघायचा तर तिच्या पिना काढून तिला तास-दोन तास तशीच राहू द्या. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी तेव्हा 12.7 च्या आसपास दाखवते.

एवढ्यावरही विसंबू नका. बॅटरी परत जोडा, मेनचा पुरवठा बंद करा, सिस्टीम बॅटरीवर चालू द्या आणि सायरन वाजवून मीटरकडे बघा. आकडा काही सेकंदांत 10 च्या खाली घसरला तर ती बॅटरी गेली, बिनभाराचा आकडा काहीही असो. वीज क्षणभर गेली की अलार्म वाजतो, कीपॅड अडखळतो, एकाच वेळी तीन-चार झोन बिघडल्यासारखे दिसतात, या सगळ्यामागे बहुतेक वेळा हीच असते. अशा बॅटरीचं आयुष्य तीन ते पाच वर्षं. बदललेल्या तारखेची चिठ्ठी तिच्यावरच चिकटवा. फुगलेली किंवा पाझरणारी बॅटरी पुन्हा चार्ज करण्याच्या फंदात पडू नका.

आधी वायर ओढणे, मग विचार करणे

पेटीचं झाकण उघडलं की टॅम्पर स्विच (छेडछाड ओळखणारा) सुटतो, आणि हा झोन सिस्टीम बंद असतानाही चोवीस तास जागा असतो. बाहेरच्या अनेक सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. पॅनलकडून येणारा पुरवठा तुटला की ते आपणहून बोंबलायला लागतात. म्हणून "सगळंच बंद करून टाकू" म्हणून मेन आणि बॅटरी दोन्ही काढली की आवाज थांबण्याऐवजी वाढतो. आधी पॅनलच्या इंजिनिअर किंवा सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या अवस्थेत) जा. सिस्टीम देखरेख केंद्राला जोडलेली असेल तर काम सुरू करण्याआधी त्यांना फोन करून चाचणी चालू असल्याचं सांगा. आणि ट्रान्सफॉर्मर पेटीतच बसवलेला असेल तर मेनचा स्विच बंद केल्याशिवाय आत बोट घालू नका, तिथे घरातला पूर्ण दाबाचा पुरवठा असतो.

झोनची वायर न काढताच रेझिस्टन्स मोजणे

खरं कोडं इथे सुटतं, म्हणून जरा सविस्तर. वायरवाल्या झोनच्या शेवटच्या सेन्सरपाशी एक छोटा रेझिस्टर असतो. पॅनल त्यातून सतत थोडा करंट सोडून वायर शाबूत आहे का ते बघत असतं. त्याची किंमत कंपनीप्रमाणे बदलते: कुठे 1 किलोओम, कुठे 2, कुठे 5.6. तुमच्या पॅनलला किती लागतो हे त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं. अंदाजाने दुसराच लावला तर झोन कधीच नीट बंद दिसणार नाही.

मोजायचं तर झोनच्या दोन्ही वायरी पॅनलच्या टर्मिनलवरून सोडवा. जोडलेल्या ठेवल्या तर पॅनलचाच व्होल्टेज मीटरला चकवतो. आता दारं-खिडक्या बंद ठेवून त्या दोन वायरींवर मीटर लावा. 5.6 चा रेझिस्टर असेल तर 5.6 च्या जवळपास आकडा यायला हवा. मीटर आकडा न देता OL (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवत असेल तर वायर कुठेतरी तुटली आहे किंवा एखादा स्विच उघडा आहे. शून्याजवळ असेल तर रेझिस्टरच्या अलीकडे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. आकडा 7-8 वर जाऊन डोलत असेल तर ही सगळ्यात छळणारी जात: गंजलेला जोड, जो कधी धरतो, कधी सोडतो. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला एकेक जोड हलक्या हाताने हलवायला सांगा. आकडा जिथे उडी मारेल तिथेच घाव घाला. जोड तांब्यापर्यंत खरवडून सोल्डर करा; जुन्या जोडावर नवी चिकटपट्टी म्हणजे मलमपट्टी.

दोष पॅनलचा की वायरचा, हा वाद मिटवायला याहून सोपी युक्ती आहे. झोनच्या वायरी सोडवलेल्याच ठेवा आणि योग्य किमतीचा नवा रेझिस्टर थेट त्या टर्मिनलांवर बसवा. झोन शांत झाला तर पॅनल निर्दोष, शोध बाहेर घ्या. तरीही झोन उघडाच दिसला तर पॅनलचं ते इनपुट गेलं असावं. वीज कडाडल्यानंतर असं होतं. पण हा रेझिस्टर तिथेच ठेवून विसरू नका. काही जुन्या घरांत बसवणाऱ्यानेच आळस करून सगळे रेझिस्टर पॅनलच्या पेटीत लावलेले सापडतात. मग वाटेत वायर शॉर्ट झाली, खिळा घुसला, तरी पॅनलला सगळं आलबेल दिसतं, आणि त्या झोनचं दार उघडलं तरी काही वाजत नाही.

फक्त वाजणारा बिघाड शोधणे

उगाच वाजणाऱ्या सेन्सरच्या मागे सगळे लागतात. जो कधीच वाजत नाही त्याची कुणी चौकशी करत नाही. दारावरच्या स्विचमधली रीड (चुंबकाने जुळणारी बारीक धातूची पट्टी) काही वेळा बंद अवस्थेतच चिकटून बसते. तेव्हा एकेक दार, एकेक खिडकी उघडून कीपॅडवर झोन उमटतो का ते बघाच. बिजागरी खचून दार खाली उतरलं असेल तर चुंबक आणि स्विच समोरासमोर राहत नाहीत. लोखंडी दारावर चुंबकाची ताकद आणखी कमी पडते, तिथे खाली प्लॅस्टिकचा जाड तुकडा देऊन तो उचलून घ्या.

मोशन सेन्सरच्या बाबतीत लोक आधी संवेदनशीलता कमी करतात. ते शेवटी करायचं. आधी लेन्स पुसा, आत कोळी शिरलाय का बघा. लेन्सजवळून चालणारा किडा सेन्सरला माणसाएवढा वाटू शकतो. मागच्या भिंतीतून वायर येते ते भोक सिलिकॉनने बुजवा, कारण तिथून किडेही येतात आणि वाराही. समोर थेट ऊन, हीटर, एसीचा झोत किंवा हलणारा पडदा नको. शेवटी सेन्सरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा. पॅनलपाशी 13 आणि सेन्सरपाशी 10 असेल तर लांब बारीक वायर किंवा ढिला स्क्रू मधले 3 व्होल्ट खातोय.

मोठा फ्यूज, घाईचा रीसेट

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा लावा. पुन्हा उडाला तर सायरनची वायर काढून बघा, बाहेर असल्याने शॉर्ट तिथे जास्त आढळतो. मोठा फ्यूज लावला की जळतो तो बोर्ड. फॅक्टरी रीसेटही तसाच: झोनचे प्रकार, वेळा, सगळी मांडणी उडते, आणि इन्स्टॉलर कोड लॉक केलेला असेल तर काही पॅनल रीसेटही होत नाहीत.

पॅनल खरंच कधी बदलावं

नवी बॅटरी आणि ट्रान्सफॉर्मरचा योग्य व्होल्टेज असूनही पॅनल स्वतःहून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत असेल, रेझिस्टरची चाचणी एकाहून अधिक झोनवर फसत असेल, किंवा बोर्डवर हिरवट गंज आणि फुगलेले कपॅसिटर दिसत असतील, तर बदला. आणखी एक कारण असतं, ज्यात बोर्डचा काहीच दोष नसतो: पॅनल जुन्या टेलिफोन लाइनवरून संदेश पाठवत होतं आणि आता ती लाइनच काढून फायबर आलंय. पण तेव्हाही आधी त्या पॅनलला जोडता येणारं वेगळं कम्युनिकेटर (संदेश पाठवणारं उपकरण) मिळतं का ते विचारा. सेन्सर आणि भिंतीतल्या वायरी चांगल्या असतील तर त्या कुठल्याही परिस्थितीत ठेवायच्याच. बहुतेक नवी वायर्ड पॅनल त्यांच्यावर चालतात, फक्त शेवटचे रेझिस्टर नव्या किमतीचे लावावे लागतात.