विंडोज ११ वर झिप प्रोग्रामची बीटा आवृत्ती कशी तपासावी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि वर्षानुवर्षांची कागदपत्रं नि फोटो घेऊन बरेच जण विंडोज ११ वर आले. त्यातले काही जण झिप प्रोग्रामची (अनेक फाइली दाबून एका फाइलीत बांधणाऱ्या प्रोग्रामची) बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेली, आवृत्तीही लावून बघतात. त्यांना मिळणारा सल्ला ठरलेला: एक फोल्डर झिप करा, प्रोग्राममधलं ‘टेस्ट’ दाबा, सगळं ‘ओके’ आलं की झालं. हा सल्ला साफ चुकीचा आहे. झिपमध्ये प्रत्येक फाइलसोबत सीआरसी-३२ हा तपासणी आकडा साठवलेला असतो. ‘टेस्ट’ तो आकडा आतल्या मजकुराशी ताडून पाहतं. फाइलचं नाव त्या हिशेबात येतच नाही.

१. जागा. विंडोज ११ प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स (विंडोजच्या आत उघडणारं वेगळं, तात्पुरतं विंडोज) वापरा. होममध्ये तो नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) किंवा रिकामा लॅपटॉप घ्या. सँडबॉक्स बंद करताच आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून निकाल आधी बाहेर काढा.

२. मराठी नावं. इथे घाई करू नका.

विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोडपेज (जुने प्रोग्राम वापरतात तो अक्षरांना आकडे देणारा तक्ता) कधीच नव्हतं. देवनागरी आली ती थेट युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच तक्त्यातून. त्यामुळे प्रोग्रामचा एखादा भाग अजून जुन्या पद्धतीने नावं वाचत असेल, तर प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून उघडताना त्याची अधोरेघ होते. मी घरातल्या चौघांच्या कागदपत्रांच्या ‘काका’, ‘मामा’, ‘दादा’, ‘बाबा’ अशा चार पीडीएफ एका बीटा प्रोग्रामने झिप केल्या होत्या. टेस्ट ‘ओके’ आली, मी मूळ फाइली काढून टाकल्या. चारही नावांत अक्षर आणि काना वेगळे धरून चार-चारच चिन्हं. उघडताना चौघांचं नाव एकच झालं, चार अधोरेघा. ‘सगळ्यांवर लिहा’ला होकार दिला आणि हाती एकच फाइल उरली. झिप शाबूत होती, म्हणून ‘आपोआप नाव बदला’ निवडून पुन्हा उघडल्यावर चारही मिळाल्या. पण कोणती कोणाची हे एकेक उघडून ठरवावं लागलं. चारच होत्या म्हणून निभावलं. तपासणी पूर्ण होईपर्यंत मूळ फाइल हलवू नका, आणि ‘सगळ्यांवर लिहा’ तर कधीच दाबू नका.

चाचणीच्या फोल्डरमध्ये सारख्या लांबीची अशी नावं मुद्दाम ठेवा. शिवाय ‘दऱ्या’ हवंच. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) अशा दोन चिन्हांनी. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलपद्धत नावं तोडून दुसऱ्या रूपात ठेवायची. विंडोजची एनटीएफएस जशी दिली तशी ठेवते. म्हणून दिसायला एकच असलेल्या दोन फाइली शेजारी-शेजारी बसू शकतात. जुन्या टायपिंगमध्ये हाच शब्द न दिसणारं जोडचिन्ह घालूनही लिहीत. ते चिन्ह प्रोग्रामने गाळलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात. तिन्ही प्रकारे लिहिलेली फाइल ठेवा आणि तीन आत गेल्या तर तीनच बाहेर येतात ना, ते मोजा.

३. तुलना. पॉवरशेल या विंडोजच्या आदेश-खिडकीतल्या गेट-फाइलहॅशने झिप करण्याआधीची आणि उघडल्यानंतरची एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यादी काढा, फोल्डरसह पूर्ण नाव धरून, आणि दोन्ही याद्या ताडा. डोळ्यांनी नको, ‘ऱ’चा फरक डोळ्यांना दिसत नाही. रिकामे फोल्डर या यादीत येत नाहीत, ते वेगळे पाहा. वेळेत एका सेकंदाचा फरक आला तर तो दोष समजू नका. झिपच्या मूळ रचनेत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने साठते.

४. आकार. जुन्या झिपची मर्यादा ४ जीबी (आतली एक फाइल असो की पूर्ण झिप) आणि ६५,५३५ फाइलींची. त्यापुढे झिप-६४ ही वाढीव रचना लागते. ५ जीबीची नुसत्या शून्यांची फाइल बनवून ‘तपासलं’ म्हणणारे बरेच भेटतात. ती दाबल्यावर काही एमबीच उरते, त्यामुळे झिप स्वतः ४ जीबीच्या पुढे जातच नाही. सोबत ५ जीबीचा खरा व्हिडिओही घ्या.

५. एक्सप्लोररशी जुळणं. बीटाने केलेली झिप एक्सप्लोररमध्ये (विंडोजच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत) उघडा, एक्सप्लोररने केलेली बीटामध्ये. २०२३ पासून विंडोज ११ चा एक्सप्लोरर रार आणि सेव्हन-झेड या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइलीही उघडतो, तेव्हा तेही करून पाहा. राइट-क्लिक मेनूत प्रोग्राम दिसला नाही तर आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ उघडा.

६. इंटरनेटची खूण. इंटरनेटवरून उतरवलेल्या झिपवर विंडोज एक छुपी खूण ठेवतं. ती आतल्या फाइलींवरही उतरायला हवी, नाहीतर धोकादायक फाइल इशारा न देता चालते. झिपच्या आत झिप ठेवूनही बघा. सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये नेमकी तिथेच त्रुटी निघाली होती, ती २४.०९ आवृत्तीत दुरुस्त झाली.

दोष कळवताना प्रोग्रामची आवृत्ती, ‘विनव्हर’ या विंडोजच्या माहितीखिडकीत दिसणारा विंडोजचा बिल्ड क्रमांक आणि दोष दाखवणारी लहानात लहान झिप द्या. नावाचा दोष असेल तर स्क्रीनशॉटवर भागवू नका, झिपच पाठवा. ‘ऱ’ कोणत्या रूपात आहे ते चित्रातून कळत नाही.