.३०३ च्या कुप्या, पट्टे आणि संगिनी जमवताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी नळाच्या तोट्या आणि गंजकी कुलपं यांच्या ढिगात बोटभर लांबीची पितळी कुपी दिसली. फिरकीचं झाकण, झाकणाला आतून बारीक दांडी, दांडीच्या टोकाला इवलासा चमचा. "अत्तरदाणी आहे साहेब, जुनी," विकणारा म्हणाला. अत्तरदाणी कसली, .३०३ म्हणजे इंग्रजी फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलच्या दस्त्यात पुलथ्रूबरोबर, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीबरोबर, ठेवायची तेलाची कुपी होती ती. गपचूप पैसे दिले आणि घरी आलो.

घरी आल्यावर माझ्यातला गृहिणीचा अवतार जागा झाला. आधी चिंच, मग रांगोळी, तरी डाग राहिले म्हणून पॉलिश पेपर. कुपी आरशासारखी लखलखली. घासण्याआधी तळाशी पुसट बाण आणि त्याखाली एक उभी रेघ दिसली होती. म्हटलं, स्वच्छ झाल्यावर नीट वाचू. स्वच्छ झाल्यावर वाचायला काही उरलंच नव्हतं.

ती उभी रेघ म्हणजे इंग्रजी 'आय' होता. बाणाखाली 'आय' म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. नुसता बाण असेल तर ब्रिटिश सरकारची. 'सी'च्या पोटात बाण असेल तर कॅनडा, दोन 'डी'च्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया, 'एन' आणि 'झेड'च्या मध्ये असेल तर न्यूझीलंड, 'यू'च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसले तर ती वस्तू सरकारनं रीतसर विकून टाकली होती असं समजायचं. एवढी सगळी माहिती मूगभर जागेत ठोकलेली असते, आणि पॉलिश पेपरला ती पुसायला दोन मिनिटं पुरतात.

म्हणून वस्तू हातात आली की आधी भिंग, मोबाइलचा कॅमेरा आणि तिरका उजेड. टॉर्च वरून मारू नका, बाजूनं आडवा धरा, म्हणजे झिजलेली अक्षरंही सावलीनं उठून दिसतात. फोटो काढा, वहीत खुणांची नक्कल करा, आणि मगच चिंधी हातात घ्या.

झाकण निघत नाही म्हणून पक्कड

कुपीतलं तेल वर्षानुवर्षं सुकून राळेसारखं होतं आणि झाकण जाम बसतं. पक्कड लावली की झाकणाच्या कडेची खरबरीत नक्षी चेपते किंवा पातळ पितळ चिरतं. कुपी उलटी करून दोन-तीन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, मग हातावर जुना रबरी मोजा चढवून फिरवा. नाही निघालं तर आणखी दोन दिवस. आत चामड्याची छोटी चकती असते, ती वाळून तुटलेली असली तरी फेकू नका, पुडीत बांधून कुपीबरोबरच ठेवा. काळ्या प्लॅस्टिकची कुपी मिळाली तर "नकली" म्हणून परत करू नका. दुसऱ्या महायुद्धात पितळ वाचवायचं म्हणून तशाही बनल्या. तिला मात्र रॉकेल नको, साबणाचं कोमट पाणी पुरतं.

पुलथ्रूचंही तसंच. ज्यांनी एनसीसीत .३०३ हाताळली आहे त्यांना ही दोरी ओळखीची असेल: एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे तीन फास. एक तारेच्या जाळीसाठी, एक चार बाय दोन इंचांच्या चिंदीसाठी, आणि शेवटचा चिंदी नळीत अडकली तर मागे ओढून काढायला. दोरी कुजकी असते म्हणून लोक ती काढून नायलॉनची घालतात. असं करू नका. कुजकी दोरी ही मूळ दोरी असते, आणि तिनं तुम्हाला कुठली नळी साफ करायची आहे?

"१९०७ सालची संगीन"

या छंदात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हेच असावं. पात्याच्या मुठीजवळच्या सपाट भागावर मुकुट, 'जी.आर.' (राजा जॉर्ज) आणि ठसठशीत १९०७ असतं. विकणारा तेच बोटानं दाखवतो. पण १९०७ हे नमुन्याचं नाव आहे, म्हणजे या आराखड्याला त्या वर्षी मंजुरी मिळाली. प्रत्यक्ष बनवल्याची तारीख त्याच्या खाली बारीक आकड्यांत असते, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ३ आणि १७ असेल तर मार्च १९१७. त्याखाली कारखानदाराचं नाव: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन वगैरे. पात्याच्या दुसऱ्या अंगावर बाण, तपासनिसांचे शिक्के आणि 'एक्स' अशी फुली. ही फुली म्हणजे पातं वाकवून बघण्याच्या चाचणीत पास झालं.

१९०७ च्या जोडीला १९१३ ची भानगड आहे. पॅटर्न १४ या दुसऱ्या ब्रिटिश रायफलची संगीन दिसायला जुळ्या बहिणीसारखी, तिच्यावर १९१३ लिहिलेलं. फरक ओळखायला पातं बघूच नका, मूठ बघा: लाकडी फळ्यांवर दोन आडव्या खोल खाचा असतील तर ती १९१३ ची. या खाचा मुद्दाम केल्या होत्या, कारण एका रायफलीची संगीन दुसरीवर बसत नाही आणि शिपायाला अंधारात चाचपूनही ते कळायला हवं होतं.

आता हुकाबद्दल. सुरुवातीच्या १९०७ संगिनींना मुठीजवळ खाली वळलेला हूक होता. १९१३ मध्ये तो नमुन्यातून काढून टाकला, आणि आधीच्या बऱ्याच संगिनींचे हूकही कापले गेले. त्यामुळे हुकाची संगीन दुर्मिळ आणि महाग, आणि म्हणूनच वेल्डिंगवाल्यांच्या पोटापाण्याची सोय. इंग्लंडमध्ये बनलेल्या संगिनीवर १९१६ ची तारीख आणि खाली ऐटबाज हूक असेल तर हात आखडता घ्या. जोडाच्या जागी धातूचा रंग किंचित बदलतो, आणि नव्यानं घासलेल्या पोलादावर गंजाची जुनी बारीक दाणेदार वीण नसते.

उलट चूकही तितकीच होते. आपल्याकडे बारा इंची पात्याची १९०७ बऱ्यापैकी सापडते. मूळ पातं सतरा इंचांचं असतं हे वाचून आलेला नवा संग्राहक तिला "तुटलेली" समजून न घेताच परत ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात जुन्या लांब संगिनी सरकारी हुकमानं कापून आखूड केल्या गेल्या. खूण अशी की पात्यावरची पन्हळ जवळजवळ टोकापर्यंत जाते, कारण पन्हळ सतरा इंचांच्या हिशेबानं पाडलेली होती. काही पाती मुळातच आखूड बनली, त्यांतल्या बऱ्याच पात्यांना पन्हळच नाही. पात्यावर 'आर.एफ.आय.' असेल तर ती रायफल फॅक्टरी इशापूरची, कलकत्त्याजवळची. आपल्यासाठी तर हीच खरी घरची वस्तू, आणि इंग्लंडचे संग्राहक आता तिच्या मागे असतात.

नको तितकं शुद्धीकरण

एका ओळखीच्या गृहस्थांकडे १९१८ ची संगीन आणि १९४२ चं म्यान अशी जोडी होती. "जुळत नाही" म्हणून त्यांनी म्यान विकलं आणि परदेशातून १९१८ चं मागवलं. आता दोन्ही तारखा जुळतात आणि जोडी मात्र खोटी झाली. लष्करात वस्तू दुरुस्तीला जायच्या, म्यान फाटलं की डेपोतून दुसरं मिळायचं, रायफल एकाची नि पट्टा दुसऱ्याचा. चोवीस वर्षांच्या अंतराच्या दोन वस्तू एकत्र सापडल्या तर बहुधा त्या तशाच वापरल्या गेल्या होत्या. उलट सगळ्या तारखा चोख जुळणारा "अख्खा संच" समोर आला की मला आधी शंका येते.

कापडी पट्ट्यांत फसवणूक जास्त होते, कारण नवे पट्टे आपल्याच देशात ढिगानं बनतात. ते हौशी नाट्यप्रयोगांना आणि सिनेमाला म्हणून बनतात, त्यात गैर काही नाही. पण पुढे कोणीतरी ते चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकतं. खरा पट्टा असमान उडालेला असतो: घडीच्या आत, पितळी टोकाच्या खाली रंग गडद राहतो. चहाचा पट्टा सगळीकडे सारखाच म्हातारा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली नवा धागा निळसर पांढरा चमकतो, हीही चांगली कसोटी. पण इथे एक मेख आहे. डिटर्जंटमध्ये चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे खरा जुना पट्टा एकदा वॉशिंग मशिनमधून गेला की तोही चमकतो. म्हणजे धुतल्यानं शाईचे शिक्के जातात, विणलेलं आक्रसतं आणि वर तुमची खरी वस्तू खोटी दिसायला लागते. पट्ट्यावर हिरवट पावडरीसारखा थर असेल तर ती घाण समजू नका. तो ब्लँको आहे, पट्ट्यांना रंग द्यायचा लेप, शिपायांनी परेडच्या आदल्या रात्री बसून लावलेला. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, बस्स.

अजून एक: दोन मोठ्या पिशव्यांचा १९३७ च्या नमुन्याचा पट्टा "पहिल्या महायुद्धातला" म्हणून विकला जातो. पहिल्या महायुद्धातल्या १९०८ च्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना पाच-पाच छोटे कप्पे असायचे, प्रत्येकात पंधरा काडतुसं, एकूण दीडशे. कप्पे मोजा, वाद मिटला.

पावसाळा

लंडनच्या संग्राहकाचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. त्यांची अडचण हीटरनं चामडं सुकण्याची, आपली जून ते सप्टेंबरची. संगीन कधीही चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. म्यान ओल धरून ठेवतं, कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, आणि दिवाळीला बाहेर काढाल तेव्हा पात्यावर देवीचे व्रण उठलेले असतील. दोन्ही शेजारी ठेवा, जोडून नको. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं त्याहून वाईट, आत अडकलेला दमटपणा आतच घाम फोडतो. लोखंडावर मेणाचा पातळ हात, कपाटात सिलिका जेल, आणि ऊन पडलं की दार उघडं.

गंज असेल तर सर्वांत बारीक स्टील वूल आणि तेल, तेही खुणांपासून लांब. पितळी बटनाभोवती चामड्यावर हिरवं मेणचट जमतं, ते दात कोरायच्या लाकडी काडीनं हलकेच काढा. चामडं लाल होऊन भुकटी पडायला लागलं असेल तर त्याला तेल पाजू नका. ते काळं आणि चिकट होतं, बरं होत नाही. असं चामडं कमीत कमी हाताळायचं आणि वाकवायचं तर मुळीच नाही.

जिथे गंमत संपते

जुन्या चामडी पट्ट्याच्या कप्प्यात कधीकधी काडतूस निघतं. बुडावर 'के' आणि 'एफ' दिसलं की पुणेकराला भरून येतं, कारण ते आपल्या खडकीच्या, १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याचं. रिकामं पुंगळं असेल तर ठीक. पुढे गोळी असेल तर थांबा. "टोपीवर (बुडाच्या मधल्या चकतीवर) पोचा पडलाय, म्हणजे उडून गेलंय" हा तर्क जीवघेणा आहे, कारण न उडालेल्या फुसक्या काडतुसावरही तसाच पोचा असतो आणि आत दारू शाबूत असते. पक्कडीनं गोळी उपटू नका, गाडीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे.

रायफलचा बोल्ट, नळी, रिसीव्हर "शोभेला" म्हणून घेण्याच्या भानगडीत पडू नका. .३०३ हा आपल्याकडे नागरिकांना निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, म्हणूनच तर परवानेवाल्यांच्या हाती .३१५ दिसते. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराणवस्तू-मोलाच्या हत्यारांना आणि किरकोळ सुट्या भागांना सवलत आहे, पण तुमच्या हातातला भाग किरकोळ आहे की नाही हे विकणाऱ्यानं ठरवायचं नसतं. संगीन तर शस्त्र नियमांच्या यादीत नावानिशी आहे. परवाना कुठे लागतो ते त्या भागापुरत्या निघालेल्या अधिसूचनेवर अवलंबून असतं, म्हणून घेण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, आणि पावती सांभाळा.

परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून शंभर वर्षांहून जुनी वस्तू पाठवायची असेल तर तो बेत सोडा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली अशा वस्तूंची निर्यात खाजगी माणसाला करता येत नाही.

घर मोडू नका

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून, कोकणातून, पहिल्या महायुद्धाला माणसं गेली. काहींच्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत. व्यापारी येतो, मेडल वेगळं विकतो, पट्टा वेगळा, कागद रद्दीत. मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते सुटलं की उरलेला पट्टा चार पट्ट्यांसारखा पट्टा. घेणार असाल तर सगळं एकत्र घ्या, आणि आजीबाई जे सांगतील ते तिथेच बसून लिहून काढा.

रत्नागिरीकडे एका घरच्या बाईंना अंगणात रोवलेल्या संगिनीवर नारळ सोलताना पाहिलं. बारा इंची पातं, अर्धं ओंडक्यात ठोकलेलं. वाकून पाहिलं तर 'आर.एफ.आय.' आणि खाली ४३. सासऱ्यांनी आणली होती, म्हणाल्या, सोलाण्यापेक्षा बरी चालते. किंमत विचारली नाही. खुणा वहीत उतरवून घेतल्या, आणि सोललेले दोन नारळ पिशवीत घालून निघालो.