एथिक्स आणि सिव्हिक एंगेजमेंटवाली स्कॉलरशिप: फॉर्म उघडायच्या आधी हे करा

मार्कांवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपा सगळ्यांना पाठ असतात, पण एथिक्स (नीतिमत्ता), सिव्हिक एंगेजमेंट (आपल्या शहराच्या, वस्तीच्या कामात भाग घेणं) असं काही लिहिलेली दिसली की अर्धी मुलं "हे आपलं काम नाही" म्हणून पुढे जातात आणि उरलेली शेवटच्या रात्री चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेतात. म्हणजे प्रामाणिकपणावरचा निबंध, तोही दुसऱ्याकडून! वाचणाऱ्यांना कळतं हो ते, सगळ्यांची सुरुवात सारखीच असते, आजचा युवक उद्याचा आधारस्तंभ वगैरे.

अशा स्कॉलरशिपमध्ये बघतात काय, तर शहरातल्या एखाद्या गोष्टीत तुम्ही हात घातला का, तो धरून ठेवला का, आणि बरोबर काय चूक काय हे ठरवायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत. ही आयडिया काही नवी नाही. ऑक्सफर्डला शिकायला मिळणारी ऱ्होड्स स्कॉलरशिप 1902 पासूनची, तिच्या निकषातसुद्धा अभ्यासासोबत खरेपणा, धैर्य, दुबळ्यांबद्दल कणव हे सगळं आहे (ज्याच्या पैशातून ती निघाली त्या सेसिल ऱ्होड्स नावाच्या ब्रिटिश साम्राज्यवाद्याने आफ्रिकेत काय केलं ते वाचलं की हे निकष आधी त्यालाच लावावेसे वाटतात, पण ते सोडा).

आता काम कुठलं निवडायचं. एकच निवडा आणि लहान निवडा. एनएसएसला (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात, ते भरलेत तर छानच, पण नुसते तास लिहून काही होत नाही कारण ते तर सगळ्यांचेच भरलेले असतात. बीच क्लीनअपचे पाच फोटो लावण्यापेक्षा तुमच्या गल्लीतला न पेटणारा दिवा किंवा तुंबणारं गटार घ्या. आधी ते कोणाचं आहे हे शोधा, मुंबईत निम्मी लढाई इथेच असते, कारण गटार बीएमसीचं, रेल्वेच्या हद्दीतला पूल रेल्वेचा, स्कायवॉक एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण) बांधलेला, म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळ) कॉलनीतलं वेगळंच. बीएमसीचं असेल तर त्यांच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार करा, नंबर लिहून ठेवा, वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच म्हणून शिक्का मारलेली कॉपी घ्या. माटुंगा-सायनवाल्यांचा एफ नॉर्थ, दादरवाल्यांचा जी नॉर्थ, आपला वॉर्ड कुठला हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काहीच हललं नाही तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत यायला पाहिजे, माहिती का हवी ते सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून "काम का केलं नाही" असा जाब विचारत बसू नका, "अमुक नंबरच्या तक्रारीवर आजपर्यंत केलेल्या कार्यवाहीची कागदपत्रं द्या" असं मागा. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. हा सगळा पत्रव्यवहार तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा, तुमच्या अर्जाचा जीव तोच आहे, अगदी गटार शेवटपर्यंत तुंबलेलंच राहिलं तरी. उलट न झालेल्या कामाबद्दल सरळ लिहिणारा मुलगा मला जास्त खरा वाटतो.

निबंधाचं जरा नीट ऐका, इथेच बहुतेक जण घसरतात. एथिक्स म्हणजे "मी कधी खोटं बोलत नाही" असं नाही. दोन बाजू, दोन्ही बऱ्यापैकी बरोबर, आणि मध्ये तुम्ही, असा प्रसंग शोधा. मुंबईत त्याला तोटा नाही. स्टेशनबाहेरचा फुटपाथ घ्या. 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, त्यानंतर हायकोर्टाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं. दुसरीकडे 2014 चा फेरीवाला कायदा सांगतो की त्यांनाही जगायचा हक्क आहे, आणि टाउन व्हेंडिंग कमिटीत (फेरीवाल्यांचे प्रश्न बघणारी शहराची समिती) निदान 40 टक्के प्रतिनिधी त्यांचेच पाहिजेत. तुम्ही फुटपाथ मोकळा करा अशी तक्रार केलीत, आणि गाडी उचलली गेली ती ज्या मावशींकडे तुम्ही रोज वडापाव खाता त्यांची. मग? तक्रार मागे घेतली, की त्यांना कमिटीची माहिती मिळवून दिली, की गप्प बसलात? जे केलंत तेच लिहा, कशामुळे ठरवलं तेही लिहा, आणि आता ते पटत नसेल तर तसं लिहा. एनएसएसच्या हजेरीत न आलेल्या मित्राची सही करायला नकार दिला आणि मैत्री गेली, हाही चालेल असा प्रसंग आहे, लहान आहे म्हणून लाजू नका. फक्त दुसऱ्या कोणाचं नाव टाकू नका, आणि वस्तीतल्या लहान पोरांचे चेहरे दिसणारे फोटो आईबापांना न विचारता जोडू नका, एथिक्सच्या अर्जात तेवढं तरी.

शिफारसपत्र प्रिन्सिपलचंच हवं असा काही नियम नसेल तर ज्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंय त्यांच्याकडून घ्या, एनएसएसचे पीओ (प्रोग्राम ऑफिसर) सर, मॅडम, कोणीही. त्यांना तुमची फाइल आधी दाखवा आणि निदान दोन आठवडे द्या, परीक्षेच्या दिवसात स्टाफरूमच्या दारात उभं राहून "सर आजच पाहिजे" करू नका.

इंटरव्ह्यूला एक प्रश्न हमखास धरून चला, तुमचा नगरसेवक कोण. बीएमसीचे 227 प्रभाग आहेत, आपला नंबर आणि नाव पाठ पाहिजे, आमदाराचंही. मतदार यादीत नाव आहे का असंही विचारतील. नसेल तर नवीन नाव नोंदवायचा फॉर्म 6 आजच भरा, 17 वर्षं पूर्ण झालेले आगाऊ भरू शकतात, नाव मात्र 18 झाल्यावरच लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: आधार, मार्कशीट, बँक पासबुक तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना बघा. उत्पन्नाचा दाखला मागितला असेल तर तहसीलदाराचा लागतो, आपले सरकार पोर्टलवर अर्ज करता येतो, पण ॲडमिशनच्या सीझनला गर्दी असते म्हणून आधीच काढून ठेवा. आणि फॉर्म शेवटच्या दिवशी नको, त्या दिवशी वेबसाइट हँग होतेच.