हेवी लायसन्स ते लाईन: लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर कसं व्हावं

"काका, हेवी लायसन्स किती दिवसांत निघतं?" गावात आलो की एक ना एक पोरगं हे विचारतंच. लायसन्सचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी उरकून टाकतो. अवघड आहे ते पुढे, लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रस्त्यावर.

१. आरटीओचं काम

१८ पूर्ण झाली की लगेच कारचं, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स काढून ठेवा. ते हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही, आणि ट्रकला वय २० पूर्ण लागतं. म्हणजे १८ व्या वर्षी आळस केला की पुढे वर्ष वाया जातं. त्यानंतर 'सारथी' पोर्टलवर अर्ज करायचा. सोबत डॉक्टरने भरलेला फॉर्म १-अ आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला लागतो. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, पक्की टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली. ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षांचं असतं, पुढे रिन्यू करत राहायचं.

डॉक्टरचा सही-शिक्का घरपोच आणून देणारे एजंट भेटतील. पण रात्री समोरून येणाऱ्या दिव्याभोवती तुम्हाला कडं दिसतं की नाही, हे एजंटला कसं कळणार? डोळे खरोखर तपासून घ्या.

स्कूल निवडताना फीच्या आधी गाडी बघा. पुण्यात नाशिक फाट्याजवळ सीआयआरटीची (केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेची) आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, जमत असेल तर तिथे शिका. गल्लीतल्या बऱ्याच स्कूलचा ट्रक जुना आणि कायम रिकामा असतो. रिकामा ट्रक आणि १६-१७ टन माल भरलेला ट्रक यांची ओळख स्टिअरिंगपुरतीच समजा. टेस्ट पास झालात तरी भरलेली गाडी तुम्ही अजून हातात धरलेली नसते.

२. वर्षभर डाव्या सीटवर

म्हणून लायसन्स खिशात असलं तरी वर्षभर क्लीनर म्हणून जा. हल्ली खर्च वाचवायला बरेच शेठ एकाच माणसावर गाडी सोडतात, त्यामुळे क्लीनरची जागाही सहज मिळत नाही. कळंबोली, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, नाशिकचा आडगाव नाका, नागपूरची वाडी अशा अड्ड्यांवर गावातलं कोणी असेल तर त्याचं नाव घेऊन जा. अनोळखी पोराला कोणी केबिनमध्ये घेत नाही, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

या वर्षात शिकायच्या गोष्टी बारीक असतात. दर थांब्यावर उतरून टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबीने टायर ठोकायचे. हवा भरलेला टायर टणक वाजतो, टॉमी उडवून लावतो. बसलेला भद्द वाजतो. जोडचाकातलं आतलं टायर बसलेलं बाहेरून दिसत नाही, सगळा भार बाहेरच्यावर येतो, ते तापतं आणि मग फुटतं. ताडपत्र्या दोन असतील तर मागची आधी टाकायची आणि पुढची तिच्यावर चढवायची, नाहीतर वारा आत शिरून फडफडत दोर तोडतो. गाडी मागे घेताना क्लीनर आरशात दिसेनासा झाला की तिथेच थांबायचं, मग मागून "येऊ दे, येऊ दे" कितीही ऐकू येवो.

३. घाट उतरायला शिका

या एका गोष्टीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चढायला इंजिन शिकवतं, उतरायला कोणीतरी माणूसच शिकवावा लागतो.

पिंपळगावहून कांदा भरून आम्ही वाशीला निघालो होतो. कसारा घाटाच्या तोंडाशी उस्तादाने, म्हणजे मला शिकवणाऱ्या ड्रायव्हरने स्टिअरिंग माझ्याकडे दिलं आणि काही न बोलता बसून राहिला. मी वरचा गियर तसाच ठेवला आणि पाय ब्रेकवर. तीन-चार वळणं छान गेली. मग केबिनमध्ये वास आला, कपडा करपल्यासारखा. ब्रेकचे लायनर जळत होते. उस्ताद म्हणाला, "आता हळूच दुसऱ्यात घे आणि रुंद जागा बघून उभी कर." चाकाला दगड लावून मी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब ब्रेकच्या ड्रमवर टाकला, तो चर्रकन उडाला. मी बाटली ओतायला गेलो तर त्याने हात धरला. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं की तडा जातो. तासभर तिथेच बसलो, वाशीला भाव काय निघाला असेल याचा हिशोब करत.

नियम असा: जो घाट ज्या गियरमध्ये चढला असता, त्याच गियरमध्ये तो उतरायचा. गियर उतार लागायच्या आधीच टाकायचा, कारण भर उतारात गियर चुकला तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते आणि मग पुन्हा पडता पडत नाही. वेग इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेकने (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक) धरायचा. पायाचा ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, त्यावर पाय ठेवून बसायचं नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे तुम्हाला भेटतील. काही तर इंजिनच बंद करतात. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा भरणारा कंप्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद केलं की ब्रेक दाबता दाबता टाकीतली हवा संपत जाते, स्टिअरिंगही दगडासारखं जड होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे नवले पुलापर्यंतचा उतार बघा. तिथे ब्रेक न लागलेल्या ट्रकने पुढच्या गाड्या चिरडल्याच्या बातम्या किती वेळा आल्या! वाचलेल्या डिझेलचे पैसे बहुतेक वेळा ड्रायव्हरला मिळतही नाहीत.

४. भाडं, वजन, कागद

निघण्याआधी बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती) आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) ताब्यात घ्या. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि ते दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने चालतं. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करा. मुदत संपण्याआधी ८ तास आणि नंतर ८ तास एवढ्यातच ती वाढवता येते. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी यांच्या तारखा स्वतः वाचा. "सगळं ओके आहे" हे शेठचं वाक्य चेकपोस्टवर दाखवता येत नाही.

दहाचाकीला गाडीसकट एकूण २८.५ टनांची मर्यादा आहे. जास्त भरलं की २०,००० रुपये दंड, वर दर जादा टनाला २,००० आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. "दंड मी भरतो, तू चल," असं शेठ म्हणेल. पण घाटात तो शेजारी बसलेला नसतो. वजनकाट्याची पावती मागा आणि आकडा बसत नसेल तर चावी परत करा. माझं एकदा यावरून काम गेलं होतं. आठ दिवसांत दुसरं लागलं. ड्रायव्हर सगळीकडेच कमी आहेत.

५. पैशाची बोली

पगार महिन्याचा की फेरीचा, रोजचा भत्ता किती, हमाली आणि पंक्चर कोणाकडे, माल खाली व्हायला चार दिवस लागले तर त्या दिवसांचं काय, आणि अ‍ॅव्हरेज कमी पडलं तर कापणार का, हे पाच प्रश्न चावी घेण्याआधी विचारा. माझ्या पहिल्या मालकाने तीन महिने डिझेलच्या नावाखाली पैसे कापले, आणि माझ्याकडे एकही नोंद नव्हती. तेव्हापासून डायरी ठेवतो: तारीख, किलोमीटर, डिझेल, मिळालेला अ‍ॅडव्हान्स. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून सुरू करून ठेवा, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात.

६. झोप

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम लिहिलं होतं; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. लाईनवर ८ तास किती पाळले जातात हे कोणत्याही ढाब्यावर विचारा. निदान एवढं तरी पाळा: मागचा टोलनाका कधी गेला हे आठवत नसेल, तर गाडी पुढच्या पंपावर घ्या आणि झोपा. पहाटे २ ते ५ ही वेळ सगळ्यात वाईट. चहा-तंबाखूने डोळे उघडे राहतात, माणूस जागा राहतोच असं नाही. हायवेच्या कडेला अंधारात गाडी लावू नका. पंपावर लावताना डिझेलची टाकी दिव्याच्या बाजूला येईल अशी लावा, नाहीतर सकाळी काटा खाली दिसेल.

अपघात झाला तर जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने बंधनकारक आहे. जमाव अंगावर येत असेल तर जीव वाचवायला तिथून हटण्याची सवलत त्याच कलमात आहे, पण मग सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठा.

७. पहिली लांब फेरी

थेट दिल्ली-कोलकात्याच्या भाड्याला हो म्हणू नका. पुणे-कोल्हापूर-बेंगळुरूसारखी ओळखीची, ढाबे-पंप भरपूर असलेली लाईन घ्या. पेट्रोल-गॅसच्या टँकरला पैसे बरे असतात, पण त्यासाठी धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण लागतं आणि ते लायसन्स ३ वर्षांचंच असतं. तो विचार दोन-तीन वर्षांनी करा.

माल खाली झाला की 'पोहोच' घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका, म्हणजे सही-शिक्का असलेली बिल्टीची प्रत. माझी एक पोहोच हुबळीच्या पावसात शर्टाच्या खिशात भिजून लगदा झाली आणि बाकीचं भाडं दोन महिने अडकलं. आधी मोबाईलवर फोटो काढा, मूळ कागद दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घाला. मग शेठला फोन लावा, आणि परतीचं भाडं लागेपर्यंत निवांत झोपा.