फौजी जामीन

फौजेतून सुटून डिस्चार्ज बुक घेऊन घरी आलात की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी पेढे घेऊन येतं. सियाचीन-बियाचीनच्या गप्पा होतात, आणि चपला घालता घालता माणूस म्हणतो, "हवालदारसाहेब, एक सही पाहिजे होती."

मी 1998 ला ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, सुटलो. 17 वर्षं नोकरी, वय 35. फौजेच्या शक्तिमान ट्रकचं इंजिन डोळे मिटून उतरवायचो, म्हणून कराडजवळ हायवेला गॅरेज टाकलं. आज 3 शेड आहेत, 14 माणसं आहेत, व्यापारी संघाचा अध्यक्ष म्हणून दोनदा गळ्यात हार पडलेत. ते हार बघून नुकतीच सुटलेली पोरं विचारायला येतात, भांडवल किती लागतं.

भांडवलाचं सोपं आहे. कम्युटेशन करून, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, आता निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, ती पूर्ववत व्हायला 15 वर्षं जातात. विका, पण सगळा पैसा धंद्यात घालू नका. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. बाकीचं तुम्हाला माहीत आहेच.

आता ती सही.

पतसंस्थांना जामीनदार म्हणून पेन्शनर फार आवडतो. नोकरदाराची नोकरी जाऊ शकते, पेन्शन मरेपर्यंत येते. त्यात फौजी म्हणजे शब्दाला पक्का. 2003 ला माझ्या शाळेतल्या मित्राने 75 हजारांचं कर्ज म्हणून कागद आणला. रकमेचा रकाना कोरा, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. मी हुद्द्यासकट ऐटीत सही ठोकली. फौजेत 17 वर्षं इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, सह्या केल्या होत्या. सही केली की पार्ट यायचा. ही सही कशाची, ते वाचलंच नाही. रकाना नंतर 2 लाखांनी भरला.

त्याने हप्ते थकवले. सहकार निबंधक कार्यालयाची नोटीस मला आली. मित्र म्हणाला, "मी भरतोय, तू कशाला डोकं लावतोस?" मी नोटीस स्पॅनरच्या ड्रॉवरमध्ये टाकली. माझी खरी चूक ही. सुनावणीला गेलो असतो तर कोऱ्या रकान्याचं तिथेच बोलता आलं असतं.

2007 मध्ये सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन अधिकारी दारात. एका जीपचं इंजिन खाली काढलेलं, गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, आणि हा माणूस कार्बन घालून लिहितोय: "कॉम्प्रेसर, जुना, 1 नग." मी म्हटलं, आधी कर्जदाराकडे जा. तो चिडला नाही. म्हणाला, "कायद्यात आधी-नंतर नसतं." खरंच नसतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. पेन्शनवर जप्ती येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खरंही आहे. पण कॉम्प्रेसर म्हणजे पेन्शन नव्हे!

फेडायला 5 वर्षं लागली. दुसऱ्या शेडचं कर्ज नाकारलं गेलं ते वेगळंच.

घाबरू नका, अडकलात तरी वाट असते. भरलेले पैसे कर्जदाराकडून मागायचा हक्क कलम 145 देतं. सहजामीनदार असेल तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, त्याचाही सारखा वाटा, कलम 146. माझ्या कागदावर एक गुरुजीही जामीन होते, हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर एकटाच भरत होतो. आणि फॉर्मच्या बारीक अक्षरात "जामीनदार अमुक हक्क सोडत आहे" असं असतं, ते भिंग घेऊन वाचा. कोऱ्या रकान्यावर सही नाही म्हणजे नाही, सख्खा भाऊ असला तरी.

सुटण्याआधी फौजींना पुढच्या कामधंद्यासाठी देतात तो रिसेटलमेंट कोर्स जरूर करा, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला शिकवतात. हॉलमध्ये माईक घेऊन "फौजी डिसिप्लिन म्हणजेच यश" ओरडणाऱ्यांवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. डिसिप्लिनने सकाळी 7 ला शटर उघडतं. "नाही" म्हणायला ती शिकवत नाही, उलट हुकूम ऐकायची सवय लावते. मला धंदा शिकवला तो मार्केट यार्डातल्या चौथी पास आडत्याने. कोणी जामीन मागितला की तो गल्ल्यातून दोन-तीन हजार काढून द्यायचा, "परत दिले नाहीस तरी चालेल, पण कागद आत ठेव." तेव्हा मला तो कंजूष वाटायचा.

तो मित्र अजून गॅरेजला येतो. ऑइल बदलून घेतो, रोख देतो. पावती मी फाडतो, खाली सही पोराला करायला लावतो.