इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय? आधी पार्किंगमध्ये जाऊन या

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात आलं की पुणेकर आधी शोरूम गाठतो, टेस्ट ड्राइव्ह घेतो, टोकन देतो आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारतो, "आपल्याकडे चार्जिंगचं काय?" हा क्रम उलटा आहे. पेट्रोलची गाडी रात्री कुठेही लावली तरी सकाळी पंपावर भरता येते. ही गाडी जिथे रात्रभर उभी राहते तिथेच भरायची असते. त्यामुळे मॉडेल, रंग, सनरूफ नंतर. आधी जिना उतरून आपल्या पार्किंगच्या जागेवर उभं राहा आणि मीटर रूम तिथून किती लांब आहे ते बघा.

प्लग नेमका कोणत्या गाडीला लागतो

हायब्रिड म्हणून ज्या गाड्या रस्त्यावर दिसतात त्यांतल्या बहुतेकांना प्लग लावायची सोयच नसते. त्यांची छोटी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक मारताना तयार होणाऱ्या विजेवर भरते. तुम्ही फक्त पेट्रोल टाकायचं. प्लग-इन हायब्रिडमध्ये इंजिनही असतं आणि प्लगही, पण आपल्याकडे अशा गाड्या थोड्या आणि महागड्या. उरल्या निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या, हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या. पुढचं सगळं त्यांच्याविषयी.

आधी भागाकार करा

बॅटरीचा आकार किलोवॅट-अवरमध्ये सांगतात. घाबरू नका, वीजबिलावरचं युनिट ते हेच. ३० किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे ३० युनिटची टाकी. चार्जरची ताकद किलोवॅटमध्ये असते. टाकीला ताकदीनं भागलं की तास मिळतात, त्यात दहा-पंधरा टक्के गळती धरा.

घरातल्या गीझरचा असतो तसा १५-१६ अँपिअरचा पॉइंट सव्वातीन किलोवॅटच्या आसपास देतो. म्हणजे रिकामी ३० युनिटची बॅटरी भरायला दहा तास. ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, लावला तर साडेचार-पाच तास. ऐकून सगळे वॉल बॉक्सकडे वळतात. पण रोज शून्यावरून कोण भरतं? कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर झाले, तर खर्च सहा-सात युनिट. साध्या पॉइंटवर दोन-सव्वादोन तासांचं काम. माझ्या मते शहरात एवढंच फिरणाऱ्याला साधा पॉइंट पुरतो, मात्र तो नीट बसवलेला हवा. आणखी एक गोम: भिंतीतून एसी वीज येते, बॅटरीला डीसी लागते, आणि हे रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. तो ३.३ किलोवॅटचाच असेल तर ७.२ चा बॉक्स लावूनही गाडी ३.३ नंच घेणार. सेल्समनला हा आकडा विचाराच.

स्कूटरचा मामला सोपा. तीनेक युनिटची बॅटरी, साधा पॉइंट, चार-पाच तास. बॅटरी काढून घरात नेत असाल तर ती फ्लॅटच्या दाराशी किंवा जिन्यात चार्ज करू नका. काही झालंच तर बाहेर पडायची वाट तीच असते. आणि उन्हातून आल्या-आल्या नको, आधी गार होऊ द्या.

वायरिंग: इथे काटकसर नको

गीझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी सलग सहा-आठ तास पूर्ण करंट ओढते. म्हणून जुन्या पॉइंटला नुसता जोडून चालत नाही. इलेक्ट्रिशियनला हे सांगा:

मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर, मध्ये दुसरा कुठलाही दिवा-पंखा नाही. सोळा अँपिअरच्या पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. वॉल बॉक्स असेल किंवा अंतर खूप असेल तर ६ ची. सुरुवातीला एमसीबी (जादा करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत किंवा माणसात गळली की तोडणारा). सॉकेट औद्योगिक प्रकारचं, झाकणाचं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, "आजच्या दिवस" म्हणूनही नाही.

सगळ्यात मोठा घोळ अर्थिंगचा. गाडीबरोबर मिळणाऱ्या केबलवर एक डबी असते. ती आधी अर्थिंग तपासते आणि ते कच्चं असेल तर लाल दिवा लावून चार्जिंग सुरूच करत नाही. लोक गाडीला नावं ठेवतात, सर्व्हिस सेंटरला फोन करतात, आणि दोष निघतो इमारतीच्या वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावायला सांगा; दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा जात असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे झालं, असं म्हणणारा इलेक्ट्रिशियन असेल तर दुसरा शोधा.

पहिल्या रात्री तासाभरानं खाली जा आणि प्लगच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा पिनांच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी दिसत असेल, तर आतला स्क्रू सैल आहे. लगेच बंद करा.

सॉकेट छातीच्या उंचीवर घ्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गानं सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. नदीकाठीच कशाला, उतारावरच्या तळघरातही जोरदार पावसात घोटाभर पाणी साचतं. गाडी पाण्यात बुडाली असेल तर तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका.

मीटर आणि सोसायटी

पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटर तळमजल्यावर असतात, हे आपलं नशीब. चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची गरज नाही, मीटर रूममधूनच आपल्या मीटरवरून ओढता येते. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून मात्र घेऊ नका. पहिल्या महिन्यात कुणी बोलत नाही, तिसऱ्या महिन्यात सर्वसाधारण सभेत तोच एक विषय होतो.

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. घरात एसी आणि गीझर असतील आणि वर गाडीचे सव्वातीन किलोवॅट येणार असतील तर बेरीज करून बघा. कमी पडत असेल तर भार वाढवायचा अर्ज ऑनलाइन करता येतो. घरगुती दर टप्प्यांत वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे भिंतीतून सुमारे १६० युनिट. घरचा वापर १२० असेल तर बेरीज ३०० च्या आत राहते. २५० असेल तर वाढीव युनिटांतली बरीचशी महागड्या टप्प्यात जातात. तेव्हा चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेणं परवडतं का, ते तपासा. नवं टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारं, मीटर बसलं असेल तर आणखी एक गंमत: घरगुती ग्राहकाला सवलत रात्री नाही, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये मिळते. रविवारी दुपारी गाडी लावून झोपणाऱ्यांची चंगळ.

घरी खासगी चार्जिंगला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे. तरी कमिटीपुढे कायदा नाचवत जाऊ नका, कागद घेऊन जा. एका पानाचा अर्ज: वायर कुठून कशी जाणार याचा आराखडा, खर्च माझा, वीज माझ्या मीटरची, काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, एमसीबी-आरसीसीबी बसवणार. "आग लागली तर?" हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर म्हणून वायरिंगचा तपशील दाखवा आणि काम झाल्यावर तपासणीचा कागद सेक्रेटरींकडे द्या. जमलं तर आणखी दोन-तीन घरांना बरोबर घ्या. पाइप एकदाच टाकला जातो.

रोजची सवय

पाटीवरची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर, आणि रस्त्यावरची रेंज वेगळी. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रात निघतो. तिथे ना चांदणी चौकाचा चढ, ना एसी लावून अडकलेली गाडी. पाव भाग कमी धरून हिशेब करा.

बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी (आतल्या रसायनाचे हे दोन प्रकार), हे मॅन्युअलमध्ये बघा. एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंत भरावी, शंभर फक्त लांबच्या प्रवासाआधी. एलएफपी मात्र अधूनमधून पूर्ण भरायला हवी, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज चुकतो. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकराला सांगायला नको; बुधवारी रात्रीच भरून ठेवा.

हायवेवर

रस्त्यावरचा फास्ट चार्जर थेट डीसी देतो, म्हणून वेगवान. गाड्यांसाठी सीसीएस-२ प्रकारची गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा मोठा प्लग, शोधायची. निघण्याआधी दोन-तीन अॅप घरच्या वायफायवर उतरवून वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवा. घाटात नेटवर्कची वाट बघत ओटीपी मागवणं मजेचं नाही. दर घरच्यापेक्षा बराच जास्त, वर १८ टक्के जीएसटी.

८० टक्क्यांनंतर वेग पडतो. पीएमपीच्या बसमध्ये पहिले वीसजण पटापट बसतात, शेवटच्या पाचांना कंडक्टर "पुढे सरका" म्हणत आत घेतो, तसंच. म्हणून ८० ला निघा. एकाच चार्जरला दोन गन असतील आणि शेजारी गाडी लागलेली असेल तर ताकद बऱ्याचदा वाटली जाते. रिकामा चार्जर दिसला तर तिकडे जा.

मुंबईहून येताना खोपोली ते लोणावळा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. दीड टनाच्या गाडीला नुसतं तेवढं वर उचलायला अडीच युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरचे पंधरा-वीस किलोमीटर. खालापूरला बॅटरी १५ टक्क्यांवर असेल तर "पुढे बघू" म्हणू नका, तिथेच चहा घ्या आणि गाडी लावा. उतरताना उलट: यातली बरीचशी वीज बॅटरीत परत येते, पण लोणावळ्यात शंभर टक्के भरून निघालात तर ती घ्यायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

चार्जिंग झालं की आधी अॅपवर थांबवा, मग गाडी अनलॉक करा, मग गन ओढा. निघत नसेल तर झटापट करू नका. गाडी पुन्हा लॉक-अनलॉक केली की बहुतेक वेळा सुटते. गन जागेवर लावा आणि गाडी लगेच बाजूला घ्या, मिसळ नंतर.