सह्याद्रीतली ऑर्किड उंचीप्रमाणे नोंदवताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात साताऱ्यात कुणीतरी हिमालयातले उंचीचे पट्टे (किती उंचीला कोणती ऑर्किड) पाठ करून उतरतं आणि तेच इथे शोधत बसतं. अहो, आपल्याकडचा माथा महाबळेश्वरला १४०० मीटरच्या पुढे जेमतेम जातो. इथे उंचीपेक्षा पावसाचं जास्त चालतं. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या उंचीत फारसा फरक नाही, अंतरही विसेक किलोमीटर, पण पाचगणीला पाऊस निम्म्याहून कमी. आणखी पूर्वेला माण-खटावात गेलात की सगळंच कोरडं. म्हणून नुसता ‘उंची’चा रकाना भरू नका. झाडावर की कातळावर, खोड कुठल्या झाडाचं, सावली किती, हे शेजारी लिहा.

दुसरी चूक मला जास्त छळते. एक उत्साही गडी सप्टेंबरातल्या एका रविवारी सातारा-कास-बामणोली रस्ता करून आला आणि त्यानं आलेख दाखवला: १२०० मीटरला ऑर्किडचा कळस, खाली शिवसागराकडे, म्हणजे कोयनेच्या जलाशयाकडे, जवळपास शून्य. विचारलं, कासच्या पठारावर किती वेळ होतास? सकाळभर. आणि घाट उतरताना? ‘गाडीतून बघत होतो ना सर.’ म्हणजे तो आलेख ऑर्किडचा नव्हताच, गाडी कुठे थांबली त्याचा होता. पठारावर टूथब्रश ऑर्किड म्हणजे हबेनारिया हेनियाना पायाखाली असतं, ते आंधळ्यालाही दिसेल. उतारावरच्या जंगलात मात्र ओबेरोनिया, एरिडीस ही झाडावरची ऑर्किड फांद्यांवर बसलेली. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. मी उंचीच्या दर शंभर मीटरच्या टप्प्याला घड्याळ लावून सारखाच वेळ देतो, दुर्बीण नेतो आणि वादळानं पडलेल्या फांद्या आधी चाळतो. शेंड्यावरची ऑर्किड आयती हाताशी येतात. हे कंटाळवाणं आहे. एका रविवारात होत नाही, आणि ज्याला तेवढ्यातच उरकायचंय त्यानं सरळ फुलांचे फोटो काढावेत, आलेख काढू नयेत.

एकाच फेरीवर ‘इथे नाही’ लिहू नका. हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस पावसाच्या सुरुवातीला फुलतं, हेनियाना ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि पठार वाळलं की दोन्ही जमिनीखाली कंदात गडप. उलट डेंड्रोबियम बार्बाट्युलम पानं गाळून कोरड्या दिवसांत फुलतं. सीतेची वेणी हे झाडावरचं ऑर्किड मे-जूनमध्ये.

झाडावरच्या ऑर्किडला बांडगूळ म्हणू नका. ते सालीवर फक्त बसतं, झाडाचा रस पीत नाही.

उपटून घरी नेऊ नका. जमिनीतल्या ऑर्किडला मुळांशी बुरशीची सोबत लागते. तुमच्या कुंडीत ती नसते, मग रोप मरतं आणि पुढच्या वर्षी जागाही रिकामी. दुर्मीळ जातीचं नेमकं ठिकाण ग्रुपवर टाकणारेही याच रांगेतले. चांदोली-कोयनेच्या बाजूला व्याघ्र प्रकल्पात शिरायचं तर आधी वनखात्याची परवानगी काढा, नाक्यावर हुज्जत घालू नका.

राहिली मोबाइलवरची उंची. काही अॅप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतच नाहीत, जीपीएस पृथ्वीचा जो गुळगुळीत गणिती आकार धरतं त्याच्या पृष्ठभागापासूनची दाखवतात. आपल्या भागात ती साधारण ६०-७० मीटर कमी भरते. त्यात दरीतल्या सिग्नलची चूक वेगळी. मी फक्त अक्षांश-रेखांश टिपतो, उंची घरी येऊन टोपोशीटच्या, म्हणजे उंचसखल दाखवणाऱ्या नकाशाच्या, समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांवरून काढतो.